कृतज्ञता आणि मिंधेपणा

उपकाराविषयी बोलताना मराठी माणूस बहुधा ओझ्याची भाषा वापरतो. उपकाराचे ओझे होते, उपकाराखाली माणूस दबून जातो, उपकाराची फेड करावी लागते आणि ती शक्य नसेल तर 'मी आपला उतराई होऊ शकत नाही' असे हात जोडून सांगावे लागते. फेड झाली नाही की मागे उरतो तो मिंधेपणा. मिंधा मनुष्य उपकारकर्त्यासमोर मान वर करून बोलू शकत नाही. त्याचे मत वेगळे असले तरी ते तो गिळून टाकतो. याच भाषेत 'कृतज्ञ' हाही शब्द आहे, आणि त्याची जात निराळी आहे. केलेले जाणतो तो कृतज्ञ. या शब्दात जाणण्याचा उल्लेख आहे, फेडीचा नाही. व्यवहारात मात्र आपण कृतज्ञता आणि मिंधेपणा यांची इतकी सरमिसळ करून टाकली आहे की, जो वाकत नाही तो कृतघ्न, असेच आपण समजून चालतो.

ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याशी असलेल्या एका कल्पनेचा विचार करताना हा भेद फार उपयोगी पडतो. ती कल्पना म्हणजे अपात्र माणसाला मिळणारी कृपा. माणूस आपल्या पुण्याईने, कर्माने किंवा ज्ञानाने देवाच्या प्रेमास पात्र ठरत नाही. ते प्रेम त्याला आधीच, लायकी नसताना, फुकट दिले गेले आहे. त्याने ते ओळखावे आणि स्वीकारावे, एवढेच त्याच्याकडे उरते, असे ही श्रद्धा सांगते. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत कृपेसाठी 'खारिस' हा शब्द आहे आणि आभारासाठीही तोच शब्द येतो. ख्रिस्ती उपासनेतील भाकरी आणि द्राक्षारसाच्या विधीचे 'युखारिस्त' हे प्राचीन नावही त्याच धातूपासून आले. त्याचा अर्थ आभारप्रदर्शन. देणे आणि त्या देण्याची जाणीव या दोन्ही गोष्टी तेथे एकाच शब्दात नांदतात.

हा विचार मराठी मनाला परका वाटण्याचे कारण नाही. विठ्ठलाला 'पतितपावन' म्हणणाऱ्या आणि आपल्या पातकांची यादी देवापुढे मांडून त्यालाच जाब विचारणाऱ्या संतांची ही भाषा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, ते या अर्थाने नेमके आहे. तरीही या कल्पनेवर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो आपल्या समाजात अधिकच धारदार होतो. ज्यांना शतकानुशतके 'तुम्ही अपात्र आहात' असे ऐकवले गेले, त्यांनाच पुन्हा 'तुम्ही अपात्र आहात, पण देव दयाळू आहे' असे सांगणे म्हणजे जुन्याच अपमानावर नवी झूल घालणे नव्हे काय? ज्याला हक्क हवा आहे त्याच्या हाती कृपा ठेवून वर त्याच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणे हे कितपत न्याय्य आहे? हा आक्षेप धर्मशास्त्राच्या पोथीत सुटणारा नाही. तो एखाद्या आयुष्याच्या कसोटीवर घासून पाहावा लागतो, आणि त्यासाठी पंडिता रमाबाईंच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण मराठीत दुसरे सापडणे कठीण.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने मुलीला. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरले. व्रते, उपासतापास, दानधर्म यांत काही कसूर राहिली नव्हती. गाठीचा पैसा देवाब्राह्मणांवर खर्च करून पुण्याचा संचय करावा, ही त्या घराची साधी, प्रामाणिक श्रद्धा होती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हेच घर अन्नाला मोताद झाले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली भाऊबहीण पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण त्याच कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी वेदांची प्रत हाती ठेवली तेव्हा, स्त्रीला वेदाध्ययनाचा अधिकार नाही, हेच उत्तर तिच्या तोंडी आले. पुढे धर्मशास्त्रे वाचताना, परस्परांशी न पटणाऱ्या ग्रंथकारांचे स्त्रिया आणि शूद्र यांच्या अनधिकाराविषयी मात्र एकमत आहे, हे तिच्या ध्यानात आले.

'अधिकार' हा शब्द येथे फार महत्त्वाचा. आपल्या परंपरेत ज्ञानाचा, मंत्राचा, मोक्षाचा विचार अधिकाराच्या अंगाने झाला. कोण कशास पात्र, हे आधी ठरायचे आणि मग दार उघडायचे. रमाबाईंचे घर या पात्रतेच्या मार्गावर सर्वस्व वेचून उपाशी मेले, आणि स्वतः रमाबाई तर जन्मानेच त्या मार्गावर अर्ध्या अपात्र. अशा व्यक्तीला कृपेची कल्पना कशी भेटली, हे पाहण्यासारखे आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात राहिल्या. लंडनमधील फुलॅम येथे त्याच भगिनींचे एक आश्रयगृह होते. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रिया तेथे ठेवलेल्या होत्या. त्यांना मिळणारी ममतेची वागणूक पाहून रमाबाई चकित झाल्या आणि त्यांनी त्यामागचे कारण विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर एकटीच पाण्याला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या आणि तुच्छ मानलेल्या जमातीतील ती बाई. आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी धर्मावर बोलत बसलेला येशू. तिचा अधिकार त्याने तपासला नव्हता.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या एक विलक्षण गोष्ट सांगतात. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्या सुमारास त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन आले. उपदेशकाच्या पदावर बसल्यावर बऱ्याच काळाने ज्याचे स्वतःचे परिवर्तन झाले असा हा मनुष्य. रमाबाईंचा गोंधळ त्यातून उलगडला. जुन्या धर्मात व्रतांनी पात्र व्हायचे होते. नव्या धर्मात त्या सत्कृत्ये आणि योग्य मते यांच्या बळावर पात्र होऊ पाहत होत्या. देव बदलला होता, हिशेबाची वही तीच राहिली होती. ती वही मिटवता येते, हा शोध त्यांच्या लेखी खरा होता, आणि त्या शोधाचा आनंद त्या निवेदनाच्या पानोपानी आहे.

आता मघाच्या आक्षेपाकडे वळू. 'अपात्र' हा शब्द मनुस्मृतीच्या परंपरेत आणि शुभवर्तमानात एकाच अर्थाने येत नाही. पहिल्या ठिकाणी काही माणसे अपात्र असतात आणि काही पात्र. पात्रांनी अपात्रांना ओळखायचे व दूर ठेवायचे असते. दुसऱ्या ठिकाणी कोणीच पात्र नसतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचा दाखला आहे. मालक पहाटेपासून मजूर लावत जातो, शेवटचे काही मजूर दिवस मावळायला तासभर असताना लावतो आणि संध्याकाळी सर्वांना एकच मजुरी देतो. दिवसभर उन्हात राबलेले साहजिकच कुरकुरतात. पण शेवटच्यांना 'तुम्ही रिकामे का उभे' असे विचारले तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर वाचक बहुधा विसरतो: त्यांना कोणी कामावर लावलेच नव्हते. आपल्याकडील कोणत्याही शहरातला मजूर अड्डा सकाळी अकरा वाजता पाहावा. तेथे उरलेले आळशी असतातच असे नाही. वय झालेले, अंगाने किरकोळ, बाहेरगावचे, नको असलेले असे ते असतात. त्यांची अपात्रता बाजाराने ठरवलेली असते. कृपा त्या ठरावाला मान देत नाही, इतकेच या दाखल्याचे म्हणणे. ज्याला सदैव खालच्या पायरीवर ठेवले त्याच्या कानी 'येथे पायरीच नाही' ही वार्ता अपमान म्हणून पडणार नाही. ती खुपते पहाटेपासून राबलेल्यांना.

अर्थात, एवढ्याने हक्काचा प्रश्न सुटत नाही. देवाची कृपा माणसामाणसांतल्या न्यायाची जागा घेऊ शकत नाही. विधवेला शिक्षण, मजुराला वेतन, नागरिकाला शिधा ही कोणाची कृपा नव्हे. ती त्यांची देणी आहेत. सत्ताधारी जेव्हा कायद्याने मिळणारी गोष्ट आपल्या नावाच्या पिशवीत घालून वाटतात आणि 'लाभार्थ्या'कडून टाळ्यांची अपेक्षा करतात तेव्हा ते कृपेचे सोंग असते. कृपेची खरी कल्पना अशा सोंगाला आधार देण्याऐवजी ते उघडेच पाडते. कारण जर खरे देणे एकट्या देवाचेच असेल आणि तेही परतफेडीविना असेल, तर कोणत्याही माणसाला दुसऱ्याकडून मिंधेपणा वसूल करण्याचा आधार उरत नाही.

रमाबाईंच्या चरित्राने हीच गोष्ट सिद्ध केली आहे. सिस्टर जेराल्डीन ही वाँटेजची भगिनी त्यांची धर्ममाता. तिच्याविषयी रमाबाईंना खरा जिव्हाळा होता आणि तो त्यांच्या पत्रांतून दिसतो. पण त्याच पत्रांत त्या त्रैक्याच्या सिद्धांतावर तिच्याशी भांडतात. चेल्टनहॅम येथील विद्यालयात त्या संस्कृत शिकवीत असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला आणि हिंदुस्थानातील बिशपांनी त्याला हरकत घेतली, तेव्हा त्यांनी त्या अधिकारवाणीला ठाम विरोध केला. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा प्रश्न केला. शाकाहार सोडला नाही. जेराल्डीनला हा अहंकार वाटला. आश्रय दिला, धर्म दिला, शिक्षण दिले, मग आज्ञापालन का नाही, असा तिचा रोख होता. रमाबाईंची भूमिका सोप्या मराठीत सांगायची तर अशी: मी कृतज्ञ आहे, मिंधी नाही. ज्या कृपेने मला स्वीकारले ती तुमच्या मालकीची नाही. तुम्हीही तिच्याच दारातल्या.

येथे दुसरा, अधिक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८८९ मध्ये मुंबईस सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हललेले शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावयाचे होते. काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस बसू लागल्यावर १८९३ साली मोठा गदारोळ झाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा आणून केडगावला जे 'मुक्ती' उभे राहिले ते उघडपणे ख्रिस्ती होते. उपाशी मुलीला भाकरी देणारा हात जेव्हा धर्मही देतो, तेव्हा तिचा स्वीकार कितपत स्वतंत्र असतो? 'पोटासाठी बाटले' हा कुत्सित शब्दप्रयोग याच प्रश्नातून आलेला आहे.

याला दोन बाजूंनी उत्तर द्यावे लागते. पहिले उत्तर टीकाकारांना. कोणीच पात्र नाही असे मानणाऱ्या श्रद्धेत 'शुद्ध हेतूने आलेला' आणि 'भुकेने आलेला' असे दोन वर्ग करता येत नाहीत. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील मुलगाही भुकेमुळेच बापाकडे परतला होता. बापाच्या घरच्या चाकरांना पोटभर भाकरी मिळते, या विचाराने त्याचे पाऊल वळले. बापाने त्याच्या हेतूची चौकशी केली नाही. भुकेल्या माणसाच्या श्रद्धेला कमअस्सल ठरवण्याचा हक्क पोट भरलेल्यांना कोणी दिला? दुसरे उत्तर मात्र देणाऱ्यांना, आणि ते तितकेच कठोर आहे. भाकरीच्या बदल्यात श्रद्धेची अपेक्षा ठेवली की कृपेची मजुरी झाली. तसे ज्या मिशनने केले असेल त्याने आपल्याच शुभवर्तमानाचा व्यापार केला. लूकाच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि त्यांपैकी एकच, तोही शोमरोनी, आभार मानायला परत येतो. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे येशू विचारतो. पण त्या नवांचे आरोग्य काढून घेत नाही. ही बाब मला फार अर्थपूर्ण वाटते. कृतज्ञता ही कृपेची किंमत नाही. न मानलेल्या आभाराने ती परत जात नाही.

रमाबाईंच्या कार्यातही असे एक उदाहरण आहे. शारदा सदनात प्रथम आलेल्या निवासी विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ही बालविधवा ख्रिस्ती झाली नाही. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. पुढे आनंदीबाई कर्वे या नावाने तिने 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिले. कर्व्यांनी विधवांसाठी केलेले काम सर्वश्रुत आहे. रमाबाईंच्या दारातून निघालेली वाट अशी हिंगण्याकडेही गेली, आणि वाटेत कोणी धर्माची पावती मागितली नाही.

मग कृपेचे काहीच मागणे नसते काय? हवे ते करावे आणि 'देव क्षमा करील' म्हणून निश्चिंत राहावे, असा याचा अर्थ होतो का? हा तिसरा आक्षेप आणि इतिहासात त्याला पुरावाही आहे. ख्रिस्ती जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध कृपागीत लिहिणारा जॉन न्यूटन १७४८ च्या मार्च महिन्यात समुद्रातील वादळातून वाचला आणि देवाकडे वळला. त्यानंतर तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला; त्याच्या सफरी १७५४ पर्यंत चालल्या आणि थांबल्या त्याही आजारपणामुळे. वर कप्तान प्रार्थना करीत होता आणि खाली तळघरात साखळदंडांनी जखडलेली माणसे होती. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीर पुस्तिका लिहिली ती १७८८ साली, वादळानंतर चाळीस वर्षांनी. चाळीस वर्षे हा मनुष्य देवाचे आभार मानत होता. ते खोटे होते असे म्हणता येत नाही, पण ते अपुरे होते. नाझी राजवटीला विरोध करून १९४५ मध्ये फाशी गेलेला जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर याने १९३७ च्या आपल्या ग्रंथात 'स्वस्त कृपा' असा शब्द योजला तो अशाच आत्मसंतुष्ट आभारासाठी.

या आक्षेपाचे उत्तर मत्तयाने दिलेल्या दुसऱ्या एका दाखल्यात आहे. राजा एका चाकराचे दहा हजार तालांताचे कर्ज माफ करतो. एक तालांत सुमारे सहा हजार दिवसांच्या मजुरीएवढा धरला, तर ही सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. म्हणजे जन्मोजन्मी न फिटणारी रक्कम. तो चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिवसांच्या मजुरीइतके पैसे देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. येथे राजा दिलेली माफी मागे घेतो. दहा कुष्ठरोग्यांच्या कथेशेजारी ही कथा ठेवली म्हणजे अर्थ स्पष्ट होतो. देणाऱ्याचे आभार मानायला विसरलेल्यांची देणगी कायम राहते. पण आपल्याहून दुबळ्याचा गळा धरणाऱ्याची राहत नाही. देवाला स्वतःसाठी फेड नको आहे. कृपा जाणली की नाही, हे आपण वर पाहून किती गातो यावर ठरत नसून शेजाऱ्याच्या गळ्यावर आपला हात आहे की नाही यावर ठरते. न्यूटनला हे कळायला चाळीस वर्षे लागली. रमाबाईंनी केडगावात, समाजाने टाकलेल्या आणि 'पतित' म्हणून हिणवलेल्या स्त्रियांसाठी जे घर उघडले त्याचे नाव त्यांनी 'कृपासदन' ठेवले. फुलॅमला विचारलेल्या प्रश्नाचे ते त्यांचे स्वतःचे उत्तर होते.

आपला काळ पात्रतेचा काळ आहे. गुणपत्रिका, मुलाखती, निकष, गुणांकन यांनी आपण एकमेकांना अखंड मोजत असतो. महाविद्यालयात शिकवणाऱ्या आम्हा मंडळींचा तर तो धंदाच आहे. मोजण्यावाचून अनेक व्यवहार चालणार नाहीत हेही खरे. परंतु जे आपल्याला सर्वांत मोलाचे वाटते ते मोजून मिळालेले नसते, हे श्रद्धा नसलेल्यालाही मान्य व्हावे. आईचे दूध, पहिली भाषा, एखाद्या शिक्षकाने अकारण दिलेला वेळ, कोणा परक्याने संकटात उघडलेले दार यांपैकी कशाची परीक्षा आपण आधी उत्तीर्ण झालो होतो? ख्रिस्ती मनुष्य या साऱ्याच्या मुळाशी एक दाता पाहतो. दुसरा कदाचित पाहणार नाही. पण जे अपात्र असताना मिळाले ते जाणणे, त्यासाठी कोणापुढे मिंधे न होणे आणि कोणाला मिंधे न करता ते पुढे देणे, एवढे तरी दोघांना सारखेच करता येण्याजोगे आहे. आपल्या भाषेने 'कृतज्ञ' हा शब्द घडवताना त्यात ओझे ठेवले नव्हते. तो शब्द त्याच्या मूळ अर्थाने वापरायला काय हरकत आहे?